मोटार भरणारी खैरूनआपा

खैरूनआपाच्या समीनाचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत तार होती. विहिरीतली जळालेली मोटार भरताना, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळताना, तार एकदा खाचेतून ओढायला घेतली की मधेच सोडता येत नाही, म्हणून शेजारी काम करणाऱ्या मंगलनं फोन माझ्या कानाला लावला. "मावशी, अम्मी गेली," एवढंच समीना बोलली. सकाळची वेळ होती. न्हावऱ्याच्या फाट्यावरच्या आमच्या गाळ्यासमोरून रांजणगावला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच निघून गेल्या होत्या. ज्याची मोटार भरायला घेतली होती तो शेतकरी बाहेर बाकड्यावर बसला होता. त्याला कळलं तसा तो उठून आत आला आणि म्हणाला, "ताई, ऱ्हाऊ द्या आता. माझा ऊस काय एका दिसात वाळत न्हाई." मी त्याला बसायला सांगितलं. मंगल रडत होती, मी रडत होते, पण हात चालू होते. मोटार भरली, तारा जोडून टेपनं घट्ट जॉइंट केले, टाकीतल्या पाण्यात सोडून चालवून बघितली, त्याच्या गाडीत चढवून दिली. मंगलच्या जावेला गाळ्यावर बसवलं आणि मग आम्ही दोघी शिरूरला निघालो.

त्या दिवशी आम्ही शटर ओढलं नाही म्हणून फाट्यावर लोकांनी नावं ठेवली. मालकीण गेली आणि या बाया मोटारी भरत बसल्या, असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं. बोलू देत. जे बोलले त्यांना खैरूनआपा माहीत नव्हती. 'बंद' हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला तरी तिच्या कपाळावर आठी यायची, आणि ती आठी कुठून आली हे मला माहीत आहे, कारण मी तेव्हा तिच्या शेजारीच उभी होते.

खैरुन्निसा तांबोळी. शिरूरच्या जुन्या पेठेत तिचं सासर. सासऱ्यांचा पानांचा धंदा होता, तो मागं पडला. तिचे मालक इक्बालभाई टेम्पो चालवतात, पहाटे भाजीपाला भरून पुण्याच्या मार्केटला जातात. रांजणगावच्या वसाहतीत पंख्यांची कंपनी आली तेव्हा पहिल्या भरतीत ज्या बायका लागल्या, त्यांत ती होती. मी, सुनंदा, काही वर्षांनी लागले. माझं माहेर दौंडचं, सासर इनामगावचं. बारावी झालेली होते, पण हाताला कसलं काम म्हणून माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मला वाइंडिंगला बसवलं. पंख्याच्या मोटारीची तांब्याची तार केसासारखी बारीक, जरा जोर झाला की तुटते. माझी सारखी तुटत होती. सुपरवायझर ओरडत आला, तशी समोरच्या टेबलावरची बाई मधे उभी राहिली. "नवीन हाय ती. माझ्या हाताखाली शिकतीय. बोलायचं आसंल तर मला बोला." तो पुटपुटत निघून गेला. मी म्हणाले, "पण मला तर कुणाच्या हाताखाली दिलेलं नाही." ती म्हणाली, "आता दिलंय." मी तिला बरेच दिवस अहोजाहो करायचे. एकदा डबा खाताना तिनं घास थांबवून विचारलं, "तुझ्या माहेरी थोरल्या बहिणीला आहो म्हनत्यात का गं?" त्या दिवसापासून ती माझी 'आपा' झाली आणि मी तिला 'तू' म्हणायला लागले.

ती नसती तर माझी नोकरी दुसऱ्याच महिन्यात सुटली असती. माझे सासरे, ज्यांना आख्खं इनामगाव आबा म्हणतं, सोसायटीचे जुने संचालक. सून कंपनीच्या बसमध्ये चढते हे त्यांना गावातल्या कुणीतरी टोचून बोललं आणि त्यांनी घरी जाहीर केलं की उद्यापासून जायचं नाही. मी कामावर गेले नाही. त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आपा इक्बालभाईंच्या टेम्पोतून थेट आमच्या अंगणात उतरली. आबा पडवीत बसले होते. त्यांनी विचारलं, "कोन गं बाई तू? कुनाची?"

"शिरूरच्या तांबोळ्याची सून. तुमच्या लग्नात पानाचं इडं माझ्या सासऱ्यानं लावलं व्हतं आबा. आजून सांगत्यात घरात, इनामगावच्या लग्नाला पानं कमी पडली म्हनून परत शिरूरला सायकल हानली."

आबा हसले. त्यांना ते आठवत होतं. चहा आला. मग आपानं विषय काढला. आबा म्हणाले, "आमच्या घरातल्या बाया दुसऱ्याच्या दारात कामाला जात न्हाईत."

"आन् तुमचा थोरला पुन्यात ब्यांकेत हाय, ते कुनाचं दार हाय आबा?"

माझ्या सासूबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला, पण त्या हसत होत्या हे मला दिसत होतं. आबा कप खाली ठेवून म्हणाले, "लई बोलतीस." आपा म्हणाली, "व्हय. पन खोटं बोलती का ते सांगा." मी सोमवारी कामावर गेले.

कंपनीतली ती वर्षं चांगली होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हातात कला आली, चार बायकांत बसायला मिळालं, घरात शब्दाला वजन आलं. वसाहतीत तेव्हा दर थोड्या दिवसांनी नवी शेड उभी राहायची. नारळ फुटायचे, मांडव पडायचे, गेटवर भरतीचे कागद लागायचे. बिहारची, ओडिशाची पोरं कारेगावात खोल्या करून राहायची आणि आपा त्यांच्याशी तिच्या घरच्या हिंदीत बोलायची. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर बातम्या लागायच्या, राज्यात उद्योग वाढले, इतक्या हातांना काम मिळालं, इतकी गुंतवणूक आली. सगळे टाळ्या वाजवल्यासारखे बघायचे. आपा मात्र डब्याचं झाकण लावता लावता एकदा म्हणाली, "उघडल्याली कंपनी टीव्हीवर दिसती. बंद पडल्याली कुटं दिसती गं?" आमच्या समोरच्या लाइनीतली रबराची एक कंपनी त्याच आठवड्यात कुलूप लावून गेली होती. तिथल्या बायका दोन दिवस गेटवर आल्या, मग यायच्या बंद झाल्या. त्यांचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

मग आमची पाळी आली. सोमवारी सकाळी बसमधून उतरलो तर गेटवर नोटीस चिकटवलेली आणि आत ट्रक उभे. कंपनी बुडाली नव्हती. एचआरच्या साहेबांनी स्पीकरवरून तेच समजावून सांगितलं, जणू ती आनंदाची गोष्ट होती... कंपनी चांगली चालली आहे, फक्त दुसऱ्या राज्यात जाते आहे, तिकडं जागा मोठी मिळाली, सवलती मिळाल्या, ज्याचा त्याचा हिशेब ज्याला त्याला मिळेल, काळजी करू नका. बायका रडायला लागल्या. आपा पुढं गेली. "सायेब, कंपनी चालली म्हनताय. आमी कुटं चाललो ते सांगा की."

"ताई, तुमच्या हाताला कला आहे. तुम्हाला कुठंही काम मिळेल."

"मिळंल ना? मग लिवून द्या."

साहेबांनी स्पीकर खाली ठेवला. आम्ही गेटसमोर बसलो. उन्हं डोक्यावर आली. पोलिसांची गाडी आली, त्यातल्या हवालदारानं हात जोडून सांगितलं की तुम्ही आमच्या आयाबहिणी आहात, रस्ता मोकळा करा. हिशेब मिळाला, कायद्यानं मिळायचा तो मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक एक मशीन क्रेननं उचलून ट्रकवर जाताना बघणं... ज्या मशीनवर मी तार धरायला शिकले, ती मशीन ताडपत्रीखाली झाकली गेली तेव्हा मला माहेरच्या घरातून कुणीतरी भांडी उचलून नेतंय असं वाटलं. ट्रक अडवता आले नाहीत. आम्ही हरलो त्या दिवशी, आणि हे मी लपवणार नाही.

शेवटच्या गाडीत भंगार चाललं होतं. त्यात हातानं फिरवायच्या दोन जुन्या वाइंडिंग मशीन होत्या. नवीन आल्यावर त्या कोपऱ्यात पडून होत्या. आपा उठली आणि त्या गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती हलली नाही. साहेब धावत आले, आता काय राहिलं म्हणून. आपानं बोट दाखवलं. "ह्ये कुटं चाललंय?"

"भंगारात."

"भंगारातच जायचंय तर मग आमच्या टेम्पोत जाऊ द्या. आमाला बी तुमी तितंच टाकलंय."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन फोन केले, कपाळ पुसलं आणि मान हलवली. इक्बालभाईंचा टेम्पो आला. पोलिसांच्या गाडीतल्या हवालदारानं स्वतः मशीन उचलायला हात लावला. गेटमधून आमच्या बाजूनं बाहेर पडलेली ती एवढीच वस्तू.

पुढचे काही महिने आम्ही तिघी, आपा, मी आणि आमच्याच लाइनीवरची कारेगावची मंगल, वसाहतीतल्या गेटागेटांवर फिरलो. साहेबांचं म्हणणं अर्धं खरं होतं. कामं होती, पण ती आमच्यासाठी नव्हती. सगळीकडं एजन्सीची माणसं बसलेली, कंत्राटी भरती, आणि वयाची अट. एका गेटवरच्या वॉचमननं आमच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "तिशीच्या आतल्याच पाहिजेत." आपानं त्याला विचारलं, "तुझी आई काय करती रं?" तो म्हणाला, "शेतात जाती." "तिला बी तिशीनंतर घरी बसवलं का?" त्यानं खाली बघितलं, आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं. काम काही त्याच्या हातात नव्हतं. परत येताना फाट्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. समोर एका रिवाइंडिंगच्या दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग लागली होती आणि शेतकरी आपल्या मोटारीचा नंबर कधी येतो म्हणून भांडत होते. आपा ग्लास हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "मोटारीच हायत की गं त्या बी."

असं सुरू झालं ते. फाट्यावर एक गाळा घेतला, आत त्या दोन मशीन मांडल्या. इक्बालभाईंनी शिरूरहून बोर्ड रंगवून आणला. शेजारच्या दुकानदारांना आठवडाभर हसायला विषय मिळाला. "बाया आता मोटारी भरनार!" असं ते एकमेकांना ओरडून सांगायचे, आम्हाला ऐकू जाईल असं. एकानं विचारलं, "भरल्यावर हळदीकुंकू बी लावनार का?" आपानं आतूनच उत्तर दिलं, "लावू की. तुमच्या दुकानातनं जळून आल्याल्या मोटारीला दुखवट्याचं बी काय आसंल तर सांगा." गिऱ्हाईक मात्र एकही येत नव्हतं. ज्या माणसाचं पीक पाण्यावाचून उभं आहे, तो मोटार घेऊन प्रयोग करायला कशाला येईल? त्याचंही चुकत नव्हतं.

पहिली मोटार आबांनी दिली. घोड नदीच्या काठावरच्या विहिरीतली आमची मोटार ऐन उन्हाळ्यात जळाली आणि आबांनी कुणाला न विचारता गड्याला सांगितलं, "सुनंदाच्या दुकानात टाक." आम्ही तिघींनी ती जीव लावून भरली. विहिरीत सोडली, पाणी आलं, आबांनी आपाच्या हातावर साखर ठेवली. आणि आठवडा व्हायच्या आत ती मोटार पुन्हा जळाली. गावभर झालं. माझी तर घरात मान वर करायची सोय राहिली नाही. मला वाटलं, आपा आता काहीतरी कारण सांगेल, लाइटचं, व्होल्टेजचं, जे सगळेच सांगतात. ती विहिरीवर आली, मोटार वर काढून खोलून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, चूक आमची हाय. पंख्याच्या कामात पानी नसतंय. ह्यात जॉइंटमधी पानी शिरलं. आमाला ह्यो जॉइंट येत न्हाई."

आबा म्हणाले, "मग?"

"मग शिकून येती. तवर तुमी दुसरीकडनं भरून घ्या."

दौंडला रेल्वेत आयुष्यभर मोटारींचं काम केलेले एक जाधवमामा राहतात, निवृत्त झाल्यावर घराच्या ओट्यावरच थोडंफार काम करायचे. माझ्या माहेरच्या ओळखीनं आम्ही त्यांच्याकडं गेलो. मामांनी स्पष्ट सांगितलं, बायकांना शिकवणार नाही, दोन दिवसांत कंटाळतात. आपा ओट्याच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. मामा काम करायचे, ती बघायची. मामींनी आतून चहा पाठवला, जेवायला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी मामांनी तिच्याकडं न बघता टेपची गुंडाळी पुढं केली. "नुसतं बघून न्हाई येत. ताण किती द्यायचा ते बोटाला कळाया पायजे. धर." ती रोज शिरूरहून दौंडला जायची, संध्याकाळी परत. तिच्या घरचे, नात्यातले म्हणत होते की इतक्या वयात हे कशाला. ती कुणाला उत्तर देत बसली नाही. तिथून शिकून आली आणि तिनं मला नि मंगलला शिकवलं, पाण्याच्या बादलीत तो जॉइंट दिवसदिवस बुडवून ठेवून.

मग ती पुन्हा आमच्या अंगणात उभी राहिली. आबांनी तोवर मोटार दुसरीकडून भरून घेतली होती, चालू होती. आबांनी गोठ्याकडं बोट केलं. तिथं एक जुनी मोटार पडलेली होती, वापरातून गेलेली. "ही भर. आन् ती चालू मोटार काढून ही सोडू." मी म्हणाले, "आबा, चालू मोटार कशाला काढायची?" आबा माझ्यावर खेकसले, "तुला न्हाई इचारलं." ती मोटार विहिरीत सोडली तेव्हा गावातली दहा माणसं काठावर जमली होती, बरीचशी आमची फजिती बघायला. स्टार्टर दाबला. आधी नुसती हवा आली, मग घसा खाकरल्यासारखा आवाज, आणि मग पाइपातून पाणी बाहेर पडलं ते थेट पाटात. आपानं चपला काढल्या आणि पाटातल्या त्या पाण्यात जाऊन उभी राहिली. ती मोटार अजून चालू आहे.

त्यानंतर कामाला तोटा राहिला नाही. मांडवगणपासून दौंडपर्यंतच्या मोटारी यायला लागल्या. ज्यांनी हळदीकुंकवाचं विचारलं होतं, तेसुद्धा गर्दीच्या दिवसांत आमच्याकडं मोटारी पाठवू लागले. आजूबाजूच्या गावांतल्या मुली शिकायला आल्या. मधे आमच्या जुन्या कंपनीच्याच शेडमध्ये दुसरी कंपनी आली, पुन्हा मांडव, पुन्हा नारळ, पुन्हा बातमी. एजन्सीचा माणूस मोटारसायकलवरून आमच्या गाळ्यावर आला. त्याला वाइंडिंग येणाऱ्या मुली पाहिजे होत्या, अर्थात तिशीच्या आतल्या. आमच्याकडं शिकून तयार झालेल्या तीन मुली गेल्या. मला राग आला. आम्ही शिकवायचं आणि यांनी आयतं न्यायचं? आपा म्हणाली, "जाऊ दे की. पगार हाय, बस हाय, एसी हाय. त्यांनी का जाऊ नये?" मग त्या माणसाकडं वळून म्हणाली, "घिऊन जावा. पन एक ध्यानात ठेवा, ह्यांना नोकरी तुमी दिली आसंल, हात आमी दिल्यात. तुमी गेट लावलं तरी हात त्यांच्याकडंच ऱ्हातील." त्या तिघींतल्या दोघी अजून तिथं आहेत, सुखात आहेत. एक परत आली. आपानं तिला काही विचारलं नाही, फक्त तार हातात दिली.

मी हे सगळं लिहिते आहे ते ती किती थोर होती हे सांगायला नाही. तिला राग लवकर यायचा, हट्टी होती, जेवणाच्या वेळा पाळायची नाही, आणि स्वतःचं दुखणं सांगायची नाही. तेच नडलं. छातीतली गाठ तिनं कितीतरी दिवस अंगावर काढली. समीनाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पुण्याला उपचार सुरू झाले. डोक्याला रुमाल बांधून ती इंजेक्शनच्या मधल्या दिवसांत गाळ्यावर यायची, खुर्चीत बसून आमच्या चुका काढायची. गिऱ्हाइकं हळहळायची, ते तिला सहन व्हायचं नाही. एक बाई गळ्यात पडून रडायला लागली तर म्हणाली, "आगं, मोटार घ्यायला आलीस का माझं तोंड बघायला? मोटार झालीय, ने."

शेवटची भेट शिरूरच्या तिच्या घरी. जनरल वॉर्डातून घरी आणलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. खोलीत तिच्या नात्यातल्या बायका बसल्या होत्या. एक जण म्हणत होती, आता दुकान काढून टाका, पोरीच्या लग्नाला उपयोगी पडेल. आपाचे डोळे मिटलेले होते. ती ऐकत नसावी असं सगळ्यांना वाटलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "माझ्या पोरीचं लग्न तिच्या पगारावर व्हईल. दुकान माझं एकटीचं न्हाई." मग तिनं हात पुढं केला, मी धरला. बोटं काड्यांसारखी झाली होती. तिनं डोळे उघडले. "त्या मांडवगणच्या मोटारीचं काय झालं?" मी सांगितलं, गेली, चालू आहे. "जॉइंट कुनी केला?" मी म्हणाले, मंगलनं. "बघितलास का तू?" मी बघितला नव्हता. तसं सांगितलं. तिनं माझा हात सोडला. "मग हितं काय बसलीस? जा."

हे तिचे माझ्याशी शेवटचे शब्द. कुणाला कठोर वाटतील. मला नाही वाटत.

तिच्या मयतीला आबा गेले होते. गुडघे दुखतात, काठीशिवाय चालवत नाही, तरी गेले. जनाजा उचलला तेव्हा काठी माझ्या दिराकडं देऊन ते पुढं झाले. कुणीतरी म्हणालं, आबा, राहू द्या. ते म्हणाले, "लई बोलायची ती. आज गप हाय तर खांदा तर देऊ द्या." जुन्या पेठेतून कब्रस्तानापर्यंत जेवढं जमलं तेवढं चालले.

तिचं चाळिसाव्या दिवसाचं कार्य व्हायच्या आतच गाळ्यावर विचारपूस करणारे येऊ लागले. आता काय, चालवणार का, की द्यायचा? एका दुकानदारानं मशीन विकत मागितल्या. त्याला वाटत होतं तो आमच्यावर उपकार करतोय. मंगलनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की आम्हीच तिसरी मशीन शोधतोय, तुमच्याकडं असेल तर सांगा. तो चहा अर्धा टाकून गेला. आम्ही खरंच शोधत होतो. मिळाली. तिच्या नंतरच्या या काही आठवड्यांत दोन नव्या बायका आल्यात. एक आमच्याच जुन्या लाइनीवरची आहे, इतकी वर्षं घरात बसून होती. दुसरी समोरच्या त्या रबराच्या कंपनीतली निघाली. ज्यांची चौकशी आम्हीसुद्धा केली नव्हती, त्यांतली एक. समीना रविवारी येते आणि जॉइंट शिकते.

नव्या बायकांसाठी सुताराला बोलावलं होतं. त्यानं गाळ्यात फिरून मापं घेतली आणि मधल्या टेबलापाशी थांबला. म्हणाला, "ताई, ह्ये टेबल कुनी केलंय? लई बुटकं हाय. पाय जोडून उंच करून देऊ का?" आपा अंगानं ठेंगणी होती. कंपनीतली टेबलं सगळी एका मापाची, त्यामुळं ती तिथं कायम लाकडी फळीवर उभी राहून काम करायची. संध्याकाळी पोटऱ्या दाबत बसमध्ये चढायची. स्वतःचा गाळा झाल्यावर तिनं पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ती ही, सुताराला बोलावून स्वतःच्या कमरेशी हात धरून दाखवला. "हितनं. ह्याच्या वर एक बोट न्हाई." मी आणि मंगल उंच. आम्ही तक्रार केली तर म्हणाली, तुमी बी तुमच्या मापाची करून घ्या, इथं काय कंपनीची परवानगी लागती का? आम्ही आळसानं कधी करून घेतली नाहीत.

आता करून घेतली. माझं माझ्या उंचीचं, मंगलचं तिच्या, नव्या दोघींची त्यांच्या त्यांच्या. गाळ्यात एकही टेबल दुसऱ्याच्या बरोबरीला येत नाही, सुतार वैतागला. मधलं टेबल आहे तसंच राहू द्यायला सांगितलं. त्याच्यावर उजेड चांगला पडतो, म्हणून जॉइंटचं काम आम्ही सगळ्या जणी तिथंच करतो. वाकावं लागतं, कंबर भरून येते... समीना मात्र तिथं सरळ उभी राहते. तिला ते बरोबर बसतं.